अंजिराच्या उलट्या काड्या

अक्का, तुझ्या अंजिराच्या सगळ्या काड्या मी उलट्या लावल्या.

एखादी चुकून उलटी गेली असती, तर हात थरथरत होता, डोळे भरून आले होते, असं काहीतरी म्हणता आलं असतं. पण तसं नाही. मी विचार करून लावल्या. खालचा काप तिरका, वरचा सरळ, हे तू मला इतक्या वेळा सांगितलं होतंस, की शेवटी माझ्या डोक्यात एवढंच उरलं होतं की एक टोक तिरकं असतं आणि एक सरळ. कुठलं कुठं, ते गेलं. मग मी अक्कल चालवली. म्हटलं, तिरकं टोक वर असणार. म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबणार नाही, ओघळून जाईल, काडी कुजणार नाही. अक्का, पावसाचं पाणी! आपल्याकडं! मृग कोरडा गेलेला, आर्द्रा कोरड्या चाललेल्या, गल्लीत टँकरमागं बायका पळतायत, आणि मी गच्चीवर उकिडवा बसून पाणी साचू नये म्हणून बंदोबस्त करत होतो.

पकडलं सुनंदानं. तुझी भावजय कमी बोलते हे तुला ठाऊकच आहे. ती चहा घेऊन वर आली, कुंड्यांसमोर थांबली आणि म्हणाली, "अहो, यांचे डोळे खाली का बघतायत?"

काडीवरचे डोळे, जिथून पान फुटतं ते, वर तोंड करून असतात. माझे सगळे जमिनीकडं बघत होते. दहाव्याला जमलेल्या पाहुण्यांसारखे.

"सरळ करा की मग," ती म्हणाली.

"आता उपटल्या तर मुळांना धक्का बसेल."

"कुठल्या मुळांना?"

मी उपटून सरळ केल्या. तोवर त्या पंधरवडाभर शीर्षासनात होत्या. आणि मी आयुष्यभर कृषी खात्यात नोकरी केली, अक्का. 'कलमे व छाट कलमे: घरच्या घरी' अशी पत्रकं गठ्ठ्यानं वाटली. वाटली म्हणजे वाटलीच. वाचली नाहीत.

तुला हे सांगणं भाग आहे, कारण या काड्यांच्या पलीकडं काही उरलं नव्हतं. फुलंब्रीच्या घरामागचं आईचं अंजीर न्हाणीच्या मोरीला लागून होतं. घरातली माणसं आंघोळ करायची आणि झाड प्यायचं. आईच्या मागं घराला कुलूप लागलं. तू पुंडलिकनगरात, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. आंघोळ करणारं कुणी उरलं नाही आणि झाड तहानेनं वाळायला लागलं. गावातले लोक म्हणतात, दुष्काळानं मारलं. मी म्हणतो, आपण अंग धुवायला दुसरीकडं गेलो म्हणून मेलं. जे काही धुगधुगत होतं ते रस्ता रुंद करताना गेलं. आई जिथं बसून भांडी घासायची तिथून आता मुरमानं भरलेले हायवा ट्रक जातात, कुणाच्या तरी प्लॉटिंगवर ओतायला.

तुझं मागणं एवढंच होतं, की त्या झाडाची एक तरी काडी लागावी. कुठंही, कुणाच्याही दारात. डायलिसिसच्या कॉटवर पडल्या पडल्यासुद्धा तू मला तब्येतीचं विचारू द्यायची नाहीस. तूच आधी विचारायचीस, "लागली का रे?"

काड्या आणायला आपण दोघंच गेलो होतो, थंडीत, झाडाची पानं झडलेली असताना. तू म्हणालीस, अंजिराची काडी तेव्हाच घ्यायची, झाड झोपेत असतं, त्याला कळत नाही. परसाच्या भिंतीवर रस्त्याच्या मापाच्या पिवळ्या खुणा आधीच पडल्या होत्या. तुझ्या डाव्या हाताला सुया खुपसायची जागा करून ठेवलेली, त्या हातानं काही उचलायचं नाही असं डॉक्टरांचं बजावणं. म्हणून कात्री माझ्याकडं आली. मी मोठ्या ऐटीत शेंड्याची एक हिरवीगार, लुसलुशीत फांदी छाटून तुझ्यापुढं धरली.

तू ती घेतलीस आणि मोरीत टाकलीस. "ही कोवळीय. पाण्यात घातली की सडंल. गेल्या सालची घे, करड्या सालीची, पेन्सिलीएवढी. भावड्या, तुला खात्यात पगार कामून देत होते रे?"

मग मी पेन्सिलीएवढ्या छाटल्या. वीतभर लांब, प्रत्येकीला तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा डोळ्याच्या थोडा वर आणि सरळ. (बघ, आता सगळं आठवतं.) कापाला पांढरा चीक आला. तो धुवायचा, पुसायचा आणि गळायचा थांबेपर्यंत काड्या सावलीत आडव्या ठेवायच्या. मी घाम पुसायला तोच हात तोंडावर फिरवला. ओठ टरारून सुजले, बोलता येईना.

"बरं झालं," तू म्हणालीस. "दोन दिस गप राहशील."

परतताना काळी-पिवळीत ती जुडी ओल्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून तू मांडीवर घेतली होतीस. ड्रायव्हरनं विचारलं, "मावशी, काय नेताय येवढं जपून?"

"सरपण," तू म्हणालीस.

काड्या लावायचं हे वेड तुला हौसेनं लागलं नव्हतं. मी ते जवळून पाहिलंय. लागोपाठच्या दुष्काळांत नळाला आठवड्यानं पाणी यायला लागलं, तेव्हा तुझ्या गच्चीवर जास्वंद होती, मोगरा होता, डाळिंब होतं. एका सकाळी तू कात्री घेऊन वर गेलीस. प्रत्येक झाडाच्या दोन-दोन काड्या काढल्यास, चहाच्या जुन्या कपांत आणि बाटल्यांत लावल्यास, आणि झाडांचं पाणी तोडलंस. सगळ्यांचं. मोगरा कळ्यांनी भरला होता. तू कळ्या खुडून देवापुढं ठेवल्यास आणि मग त्याचंही तोडलंस.

मी म्हटलं, "अक्का, निदान धुण्याचं पाणी तरी घाल."

"धुण्याचं पाणी संडासाला लागतं."

"अगं, डोळ्यांदेखत मरतायत."

"मग डोळे मिट. मोठं झाड घागर मागतं, काडीला वाटी बास. काडी जगली म्हंजे झाड जगलं."

रोज सकाळी तू त्या मरणाऱ्या झाडांमधून चालत जायचीस आणि कपातल्या काड्यांना चमच्यानं पाणी घालायचीस. मोगऱ्याच्या शेजारी बसून, मोगऱ्याच्या काडीला. मी तुला तेव्हा कसाई म्हटलं होतं, सुनंदापाशी. ते तुझ्या कानावर गेलं असणार, कारण पुढच्या वेळी तू मला चहा दिलास तो बिनदुधाचा, आणि म्हणालीस, "कसायाच्या घरी दूध नसतं."

काडीशी तू नेहमीच निर्दय वागलीस. पानं काढायची, शेंड्याला एखादं ठेवायचं, तेही अर्धं कापून. कळी आली की खुडायची. "काडीला एकच काम जमतं, जगायचं नायतर मिरवायचं." सावलीत ठेवायची, वरून कापलेली बाटली पालथी घालायची, आणि महिनाभर तिच्याकडं ढुंकूनही पाहायचं नाही. भाऊजी गेले तेव्हा तू स्वतःलाही असंच लावलंस. तेराव्याच्या आत त्यांचे कपडे वाटून टाकलेस, रेडिओ देऊन टाकलास, हळदीकुंकवाला जाणं तोडलंस ते तोडलंसच. पोरगी पदरात आणि शिवणाचं मशीन खिडकीशी. नातेवाईक म्हणाले, बाई दगडाची आहे. मला तेव्हा काही कळलं नाही. आज कळतंय असंही नाही. फक्त एवढं दिसतं, की तू पानं काढत होतीस.

माझं मात्र उलट. मला ढुंकून पाहिल्याशिवाय राहवत नाही. तू दिलेली गुलाबाची काडी मी रोज सकाळी उपटून मूळ आलं का बघायचो आणि परत खोचायचो. तू विचारलंस, "तुला कुणी रोज सकाळी चादरीतून ओढून बघितलं, माणूस झाला का म्हणून, तर तू झाला असतास?" मग मोबाइलवर कुणीतरी दाखवलं की काडी बटाट्यात खोचून पुरायची. मी पुरली. बटाट्याला झकास कोंब आले, काडी वाळली. सुनंदानं त्या बटाट्यांची भाजी केली आणि तू ती आमच्याकडं जेवताना मागून घेतलीस. "भावड्यानं लावलेलं पहिलंच काहीतरी खायला मिळालं," असं म्हणून.

आणि वाळू. ती गोष्ट तू प्रत्येक पाहुण्याला सांगायचीस, तेव्हा आता मीच सांगून टाकतो. तुमच्या गल्लीत एकेक बैठं घर पाडून तीन-तीन मजले चढत होते आणि प्रत्येक दारापुढं वाळूचा ढीग. तू म्हणालीस, पसाभर वाळू आण, काडीला वाळूच मानवते, पाणी धरत नाही आणि मूळ कोंडत नाही. मी पहाटे फिरायला जातोय असं दाखवून शेजारच्या बांधकामावरून पिशवी भरून आणली. डब्यात भरली, पाणी घातलं, तुझी डाळिंबाची काडी रोवली. संध्याकाळी तू ती हलवून बघितलीस. हलेना. डबाच उचलला गेला. मी कालवून ठेवलेला माल आणला होता, सिमेंटसकट. तो डबा तू कधी टाकला नाहीस, दाराला अटकाव म्हणून वापरलास. आलेल्यानं विचारलं, की म्हणायचीस, "आमच्या भावड्याचं झाड. वादळात बी हलत नाय."

हसायचो आपण. मग तुझी मूत्रपिंडं गेली.

अक्का, तुला डॉक्टरांनी पाणी तोडलं. त्यांनी तेच केलं जे तू मोगऱ्याला केलं होतंस. दिवसभरात किती घोट प्यायचे ते ठरवून दिलं. रेखा, तुझी पोरगी, चितेगावचं स्वतःचं घर, नवरा, सगळं सोडून तुझ्यापाशी येऊन राहिली आणि सकाळी एक छोटी बाटली भरून तुझ्या उशाशी ठेवायला लागली. संपली की संपली. आठवड्यानं नळ आला की अख्खी गल्ली उठायची. मोटारी सुरू, टाक्या भरताहेत, कुणाची वाहून चाललीय म्हणून आरडाओरडा. तू पलंगावर पडून ते ऐकायचीस. एकदा म्हणालीस, "जनावराला पण असं दाखवून ठेवत नाय रे."

आणि त्याच खोलीत, खिडकीत, तुझ्या अंजिराच्या काड्या. रांगेत बाटल्या, वरून वर्तमानपत्र गुंडाळलेलं, कारण मुळाला अंधार लागतो. पाण्यात कोळशाचा एकेक तुकडा, पाणी नासू नये म्हणून. त्यात पाणी भरायचं काम तू मला दिलंस. मला वाटलं, भरवसा बसला. रोज दुपारी यायचो, बाटल्या उचलून बघायचो आणि चकित व्हायचो. किती पितायत! काल काठोकाठ भरली, आज अर्धी! मी सुनंदाला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. मुळं फुटत असणार, नाहीतर इतकं पाणी जातं कुठं?

शेवटी रेखालाही सांगितलं, स्वयंपाकघरात, फुशारकीनं. तिच्या डोक्याला वेगळाच घोर. दर डायलिसिसला तुझं वजन जास्त भरत होतं, अंगात पाणी साठत होतं, डॉक्टर तिला झापत होते. तिनं माझं बोलणं ऐकून घेतलं आणि गॅस बंद केला.

"मामा, काडीला पान आहे का एक तरी?"

"नाही अजून."

"मग पान नसलेली काडी इतकं पाणी पिते?"

कृषी खातं, अक्का. आयुष्यभर.

ती आत आली आणि बाटल्यांकडं बघून जमिनीवरच बसली. ओरडली नाही. म्हणाली, "आई, कोळसा टाकलेलं पाणी पितेस तू. चीक उतरलेलं."

तू भिंतीकडं तोंड करून म्हणालीस, "फुलंब्रीचं लागतंय."

मग माझ्याकडं वळलीस. "आन् तू रे चुगलखोरा? पाजत होतास ना? गप पाजायचं."

रेखानं त्याच दुपारी काड्या पाण्यातून काढून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू-माती भरून लावल्या. (वाळू तिनं स्वतः आणली, धुऊन.) पिशव्या खिडकीतच राहिल्या. काम माझंच राहिलं, फक्त आता चमच्यानं. मी तुझ्या देखत कोरड्या वाळूवर चमचा-चमचा पाणी घालायचो आणि ते चर्रकन आत जायचं. तू ओठांवरून जीभ फिरवत बघत असायचीस. मी एकदा पिशव्या बाहेर नेतो म्हणालो, तर म्हणालीस, "राहू दे. घाल घाल. त्यांचा तरी घसा ओला व्हऊ दे."

तुझ्या-माझ्यात एक भांडण राहून गेलंय. तू म्हणायचीस, काडी म्हणजे तेच झाड. बी म्हणजे लेकरू, ते आई-बापाहून वेगळं निघतं. काडी वेगळी नसते. आईनं ज्या झाडाला मोरीचं पाणी घातलं तेच हे. मी म्हणायचो, असं कसं, ते तिथं मेलं, हे इथं नवीन जन्मलं. तू चिडायचीस. मी म्हटलं, "तसं असतं तर माणसाची पण काडी लावता आली असती."

"माणसाची नाय लागत," तू म्हणालीस. "माणूस कापला की नुसता चीक गळतो."

तू हात सुयांना देऊन पडली होतीस, म्हणून मी भांडण तिथंच सोडलं. आता एक उत्तर सुचलंय. पण ऐकायला तू नाहीस, आणि तू नसलीस की माझे मुद्दे मलाच पटत नाहीत.

रेखानं स्वतःचं मूत्रपिंड देऊ केलं तेव्हा तू तिला घराबाहेर काढायला निघालीस. मीही पुढं झालो होतो, छाती काढून. तपासणीत माझीच साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी मलाच गोळ्या सुरू केल्या. तू पोट धरून हसलीस. "तुझी काडी माझ्यात लागली नसतीच भावड्या. उलटी लावली असतीस." मी पण हसलो. घरी येऊन मात्र मला सुटल्यासारखं वाटलं. ते तुला सांगायचं राहिलं होतं. तुला दिसलं असेलच. मी कडेवर होतो तेव्हापासून तुला माझं सगळं दिसत आलंय.

शेवटच्या आठवड्यात तू फार बोलत नव्हतीस. पिशव्यांमधली एक कमी दिसली, तर रेखा म्हणाली मांजरानं पाडली. बाकीच्या तशाच, काटक्यांसारख्या. डोळे ना फुगलेले, ना काही. मी त्यांच्याकडं पाहायचो आणि मला तुझं तोंड बघवायचं नाही. एका दुपारी तू विचारलंस, "लागली का रे?"

मी म्हणालो, "लागली, अक्का. एकीला कोंब आलाय."

तू डोळे मिटलेस. "व्हय का?" म्हणालीस, आणि हसलीस. मला वाटलं, शेवटी एक तरी गोष्ट मी तुला नीट दिली, खोटी का होईना. त्या खोटेपणावर मी तुझे दहा दिवस काढले. दहाव्यानंतर रेखानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी माझ्या हातात ठेवली. "आईनं तुमच्यासाठी ठेवल्यात." मी काय रडलो म्हणून सांगू. आईचं झाड, तुझा जीव, सगळं माझ्या हातात! घरी आणून अंघोळ केली, देवाला दिवा लावला आणि सगळ्या उलट्या रोवल्या.

सरळ केल्यावरही काही झालं नाही. मी कोरफडीचा गर लावला, हळद लावली, मध लावला. सुनंदा म्हणाली, "आता लिंबू पिळा, म्हणजे सरबत होईल." मग परवा मी त्या परत फडक्यात गुंडाळल्या आणि चितेगावला गेलो, रेखापुढं कबूल करायला. पैठण रोडभर मी वाक्यं पाठ करत होतो. रेखा, तुझ्या आईची शेवटची इच्छा माझ्या मूर्खपणानं गेली. असं सुरू करायचं आणि तिनं काही बोलायच्या आत पुढचं वाक्य.

ती परसात धुणं वाळत घालत होती. मी फडकं सोडलं आणि बोललो. तिरका काप, सरळ काप, पावसाचं पाणी, सगळं. मग तिनं एक काडी घेतली, नखानं साल खरवडली. आत हिरवं असलं तर काडी जिवंत. तपकिरी निघालं. दुसरी खरवडली. तपकिरी. मग बाकीच्या तिनं खरवडल्याच नाहीत.

"मामा, उलट्या लावल्या म्हणून नाही मेल्या," ती म्हणाली. "तुम्हाला दिल्या तेव्हाच मेलेल्या होत्या."

मला कळेना. तिनं हनुवटीनं न्हाणीघराकडं दाखवलं. मोरीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं, विटांच्या आळ्यात, गुडघ्याएवढंही नसलेलं एक रोप. पाच-सहा पानं. खरखरीत, पंजासारखी. अक्का, मी ती पानं कुठंही ओळखीन. लहानपणी त्यांनीच तू माझं मळकं अंग घासायचीस, कातडी निघेपर्यंत.

"मांजर?" मी विचारलं.

"मांजर कुठलं. कोंब आला त्याच दिवशी आईनं ती पिशवी घेऊन मला इकडं पाठवलं, रिक्षात घालून. म्हणाली, भावड्याच्या नजरेला पडू देऊ नको, तो उपटून बघंल."

"आणि मग ह्या?"

रेखा धुण्याची बादली उचलून उभी राहिली. तिला ते सांगावं की नाही असं झालं होतं, हे दिसत होतं. मग तुझीच ना ती, सांगितलंच.

"म्हणाली, वाळलेल्या फेकू नको. त्या भावड्याला दे. मी गेल्यावर तो रिकामा बसला तर रडून रडून सुनंदाला हैराण करंल. कामाला लावून दे त्याला. मेलेल्या आहेत, त्यानं काय बी केलं तरी आणखी मरणार नाहीत."

अक्का, तू मेल्यावरसुद्धा मला मेलेल्या काड्यांना पाणी घालायला लावलंस. कोरफड, हळद, मध. टँकरचं पाणी, अक्का, रांगेत उभं राहून आणलेलं. आणि त्या दुपारी मी 'लागली' म्हणालो तेव्हा तू हसलीस ते माझ्या खोट्याला नाही. तुला खरं ठाऊक होतं म्हणून. मी तुझी समजूत काढत होतो, आणि तू माझी. मला तुझा इतका राग आला की त्या मोरीपाशी उभा राहून मी तुला मोठ्यानं शिवी दिली. शेजारची बाई कुंपणावरून बघायला लागली. रेखा तिला म्हणाली, "काही नाही, मामा आहेत." तेवढ्यानं तिचं समाधान झालं.

मग राग उतरला. मी रोपाजवळ बसलो. त्याला हात लावला नाही, खरंच लावला नाही, नुसता बसलो. आतून कुणीतरी आंघोळ करत होतं, जावईच असणार, कामावर जायची घाई. साबणाचं पाणी मोरीतून आलं आणि आळ्यात पसरलं. झाड प्यालं. तेच का वेगळं, यावर भांडायला तू हवी होतीस.

निघताना मी रेखाला म्हटलं, "झाड मोठं झालं, की थंडीत मला एक काडी देशील? एकच. पेन्सिलीएवढी. आता मला सगळं कळलंय, तिरका काप खाली."

रेखानं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, झटकलं आणि तारेवर वाळत घातलं.

"अंजीर खायला या, मामा," ती म्हणाली. "काडी मागू नका."